अण्णा आणि मागं लागलेला दुकानदार

अण्णा कुणाच्याही घरातून निघाला की उंबऱ्याशी थांबायचा आणि दोन्ही हात खांद्याइतके वर करायचा. लग्नाचं कार्यालय असो, दवाखाना असो, नाहीतर माझं सायकलचं दुकान; निघताना हात वर. नवखा माणूस गोंधळून जायचा. आम्हा नाशिक रोडवाल्यांना त्याचं नवल नव्हतं. अण्णाची सगळी नोकरी प्रेसमध्ये गेली, जिथं नोटा छापतात तिथं. रोज सुटी झाली की दारावर झडती. माणूस रिटायर झाला, पण झडती काही अंगातून गेली नाही. वहिनी म्हणायच्या, "देवळातून निघतानाही हात वर करतात. पुजाऱ्याला वाटत असेल, ह्यांनी देवाचं काहीतरी उचललंय."

त्याला झडतीची लाज मात्र नव्हती. उलट ऐट होती. "सरकार माझे खिसे तपासायचं, नाना. तुझे खिसे कोण तपासणार? त्यात पंक्चरचं सोल्युशन," असं म्हणायचा आणि माझाच चहा प्यायचा. आत काय चालतं ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण माणसं ओळखतो. पोटात ठेवायचं म्हटलं तर अण्णाच्या पोटात विहीर होती.

अशा माणसाच्या घरात सुरतेला दिलेल्या मुलीनं मोठा फोन आणून दिला. वहिनींना सकाळी भजनं ऐकायला आणि नातवाचं तोंड बघायला. अण्णानं त्यावर एकदा चपला बघितल्या. घेतल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. दुसऱ्या दिवसापासून चपला त्याच्या मागं लागल्या. बातम्या उघडा, चपला. पंचांग उघडा, चपला. आता अण्णा पडला रीतीचा माणूस. दारात आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही, नको तर नको असं तोंडावर सांगायचं, हे त्याच्या घरचं वळण. म्हणून तो प्रत्येक चपलेवर बोट दाबायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "नको." पुढची आली की पुन्हा दाबायचा. "तू पण नको." आठवडाभर तो असा नको म्हणत होता आणि चपला वाढतच होत्या.

शेवटी आम्ही दोघं स्टेशनसमोरच्या मोबाईलवाल्याकडं गेलो. तो हसायला लागला. "बाबा, तुम्ही दाबता म्हणजे त्याला वाटतं, ह्यांना पाहिजेत."

"मग नको म्हणायला कुठं दाबायचं?"

"तसं बटण नसतं. कोपऱ्यात बारीक फुली असते, ती दाबायची. पण एक घालवली की दुसरी येते. महिन्याला पैसे भरा, मग भजनात तरी येणार नाहीत."

अण्णा उठलाच. "दारात उभा राहून जो त्रास देतो, त्यालाच हप्ता द्यायचा? चल नाना." आणि तेवढ्या रागातही दुकानाच्या दारात थांबून त्यानं हात वर केले.

त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला. जो मागं लागेल त्याच्याकडून मिठाचा खडासुद्धा घ्यायचा नाही. "माल चांगला असला की दुकानदार गादीवर बसून राहतो," म्हणायचा. तो मूळचा देवळ्याकडचा, रागावला की अहिराणीत शिरायचा. फोनला मराठी कळतं, हिंदी कळतं, पण अहिराणी काही कळत नाही, अशी त्याची खात्री होती. जाहिरात आली की त्याला म्हणायचा, "तुना बापनं काय जास?" आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकवायचा. "बघ. गप्प बसला."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अण्णाला दम लागायला लागला. माझ्या दुकानाची एक पायरी चढला तरी खांबाला धरून उभा राहायचा. मी त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कडक होत चाललीत. औषधानं जरा सावकाश होतील, पण परत मऊ होणार नाहीत. रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाला, "हिला सांगायचं नाही."

"का म्हणून?"

"डोळ्याची तारीख मिळालीय तिच्या."

वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पातेल्यातलं दूध उतू गेलेलं त्यांना वासावरून कळायचं. ऑपरेशन म्हटलं की दरवेळी त्यांचं काहीतरी निघायचं, कधी मुलीचं बाळंतपण, कधी पापड. आत्ता कुठं कबूल झाल्या होत्या. अण्णाचं कळलं असतं तर आधी तुमचं बघू म्हणून डोळे तसेच ठेवून दिले असते. "माझ्या मागं ती आंधळी राहील, नाना," एवढंच तो म्हणाला. 

चूक झाली ती घरी गेल्यावर. वहिनी अंगणात होत्या तेवढ्यात त्यानं फोन तोंडाशी धरून विचारलं, फुफ्फुस कडक झालेला माणूस किती दिवस काढतो. विचारलं ते मराठीत. उत्तर काय आलं ते त्यानं मला सांगितलं नाही. पण दोन दिवसांनी भजन चालू असताना मधेच ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी घातलेला म्हातारा, आणि शेजारी म्हातारी, दात काढून हसणारी. मग आजारी माणसाचा पलंग आला. बोटाला लावायचा चिमटा आला. वहिनींना चित्र धूसर दिसायचं, पण काही जाहिराती बोलायच्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना धाप लागते का, असं गोड आवाजात विचारायच्या. तो आवाज सुरू झाला की अण्णा मुद्दाम मोठ्यानं खोकायचा. आणि खोटा खोकला काढता काढता खरा यायचा, मग थांबता थांबायचा नाही.

वहिनी म्हणायच्या, "अहो, भजनाच्या वेळीच बरा येतो तुम्हाला खोकला."

माझ्या दुकानात येऊन मग तो धुमसायचा. "बायकोला माहीत नाही, पोरीला माहीत नाही, आणि ह्या भिकारड्याला माहीत. वर माझ्याच घरात बसून दवंडी पिटतोय."

"फोडून टाक."

"फोडला तर ती विचारेल, का फोडला. आणि भजनं कशावर ऐकेल? तुझ्या पंपावर?"

तेव्हा ठरलं की ह्याला चकवायचं. रोज दुपारी दुकानाच्या बाकावर बसून आम्ही फोनशी खोटं बोलायला लागलो. अण्णा विचारायचा, घोड्याचं खोगीर केवढ्याला. मी म्हणायचो, वरातीसाठी फेटे दाखव. सर्कशीचा तंबू, पाळण्यावरचं भिरभिरं, नऊवारी, म्हशीच्या गळ्यातली घंटा. पंक्चर काढायला आलेली माणसं आमच्याकडं बघत उभी राहायची. एकानं विचारलं, "काय बाबा, घरात लग्न आहे का?" अण्णा म्हणाला, "हो, ह्या नानाचं. घोडीवरून पडू नये म्हणून चांगलं खोगीर बघतोय."

आणि खरंच, वहिनींच्या भजनात फेटे आले. खोगीर आलं. आम्ही टाळ्या दिल्या. पण दहा फेटे गेले की एक मशीन यायचंच. आम्ही खोटं पोतंभर ओतलं, पण त्यानं अण्णाचं ते एक खरं काही सोडलं नाही.

वहिनींच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मी बरोबर होतो. आत नर्स पट्टी काढत होती आणि आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात. अण्णा म्हणाला, "नाना, तिला आता स्वच्छ दिसणार."

"मग चांगलंच की."

"घरी गेल्यावर फोन हातात घेणार. म्हातारा, नळी, सगळं दिसणार. आणि तिला एवढं कळायला काही वेळ लागत नाही."

मी म्हटलं, "आण इकडं. बिघडला म्हणून सांगतो. दुसरा डोळा होईपर्यंत राहू दे माझ्याकडं."

तो हो म्हणेल असं वाटलं होतं. पण त्यानं खिशातून फोन काढून हातात धरला. मग म्हणाला, "प्रेसमधलं होतं ते सरकारचं होतं, ते मी पोटात ठेवलं. हे माझ्या छातीतलं आहे. ते माझ्या तोंडून जाईल. ह्याला कोण पुढं होऊ देतो." फोन त्यानं माझ्या हातात दिला आणि आत गेला.

दारातून मला दिसत होतं. वहिनी बाकावर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. अण्णा त्यांच्या शेजारी बसला आणि अहिराणीत हळूहळू बोलत राहिला. मला शब्द कळले नाहीत. वहिनींनी चष्मा काढला. नर्स ओरडली, आजी, चष्मा घाला. त्यांनी लक्षच दिलं नाही. त्या अण्णाकडं बघत होत्या, अगदी जवळून. मग म्हणाल्या, "किती वाळलात हो. मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांना नीट दिसत नाही."

दुसरा डोळा त्यांनी करून घेतला. अण्णानं औषध चुकवायचं नाही, या अटीवर. पुढं मशीन लागलंच. पण ते त्यानं फोनवरून घेतलं नाही. मुलीनं मागवते म्हटलं तर तिच्यावर भडकला. देवळाली गावातलं एक मंडळ आजारी माणसांना मशीन वापरायला देतं, ते मी जाऊन आणलं. नाकात नळी घालून अण्णा भजन ऐकायचा, मधेच त्याच मशीनची जाहिरात यायची, आणि तो त्या हसऱ्या म्हातारीला बघून म्हणायचा, "आमच्याकडची ह्याच्यापेक्षा देखणी आहे." वहिनी आतून म्हणायच्या, "बोलू नका, दम लागेल."

दिवाळीनंतर तो गेला. वहिनींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, भाऊजी, सांगावा तुम्ही द्या. फोनवर फोटो नको, फुलं नकोत, दिवे नकोत. म्हणून मी या वयात सायकल काढली आणि जेल रोडपासून सिन्नर फाट्यापर्यंत दारोदार जाऊन सांगितलं. देवळ्याला एसटीनं माणूस पाठवला.

तेराव्यानंतर सहज गेलो होतो. वहिनी भजन ऐकत बसल्या होत्या. मधेच ते मशीन आलं. आता सवलतीत, आपल्या माणसासाठी आजच मागवा. माझं डोकं फिरलं. मी फोन उचलला, भिंतीवरच घालणार होतो.

"ठेवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "बोलू द्या त्याला."

"अहो वहिनी, पण हा अजून..."

"त्याला वाटतंय, हे आहेत." त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन परत पाटावर ठेवला. "ज्यांना कळायला पाहिजे होतं, त्यांना तुम्ही दारात जाऊन सांगून आलात. झालं. ह्याला नाही कळवायचं."