गळ्याच्या खळगीकडं बघणाऱ्या अक्का

अक्का समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलल्या नाहीत. त्यांची नजर गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खळगीवर असायची. पहिल्या भेटीत माझ्या शर्टाची गुंडी तुटली असावी अशा समजुतीनं मी दोनदा चाचपून बघितलं. गुंडी जागच्या जागी होती. अक्का माझा श्वास बघत होत्या. त्या सगळ्यांचाच बघायच्या, दूधवाल्याचासुद्धा.

अक्का हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घर हुबळीच्या कमरीपेठेत. खाली त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ अप्पू, वरची खोली भाड्यानं. धाकटा म्हणजे पन्नाशीला टेकलेला. तसबिरींना चौकटी बसवायचं त्याचं काम, आणि हात असा सफाईदार की कोप्पीकर रोडच्या दुकानांतून काम चालून यायचं. अप्पूला लहानपणापासून फिट्स यायच्या. झटका आला की त्याचा श्वास अडायचा. अक्कांनी लग्न केलं नाही ते यामुळंच, असं लोक म्हणत. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "मला कुणी पसंत पडला नाही, एवढंच. उगीच अप्पूवर कशाला ढकलता?"

हुबळीत खोली शोधायला निघालं की मालक आधी जात विचारतो, मग अंडं खाता का ते विचारतो. अक्कांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. "वकील का? बरं. घाबरता का?" एवढंच विचारलं आणि आत बघून हाक मारली, "अप्पू, ये रे. नीज बघू." अप्पूनं मुकाट्यानं चटई अंथरली आणि उताणा पडला. त्याला कुशीवर वळवायचं, ही माझी परीक्षा! कोर्टातून तसाच आलेलो, अंगात काळा कोट. गुडघे टेकून मी त्याला ओढायला लागलो तर तो फिदीफिदी हसायला लागला. "अहो वकीलसाहेब, मी तांदळाचं पोतं नव्हे हो. आधी माझा गुडघा वाकवा की." दुसऱ्या खेपेला जमलं आणि खोली मिळाली. माझ्याआधीचे आणि नंतरचे सगळे भाडेकरू याच चटईवरून वर गेले. रेल्वेतला एक तिकीट तपासनीस तीनदा नापास झाला होता म्हणे.

खरा झटका मी पहिल्यांदा बघितला तो एका दुपारी. अप्पू काचेला फडकं मारत होता. अचानक ताठ झाला, खाली पडला आणि हातपाय झाडायला लागला. मी त्याच्या हातापायांकडंच बघत राहिलो. अक्का ओरडल्या, "हातपाय काय बघता? ते थांबतील आपोआप. खळगी बघा." बघितलं. हलत नव्हती. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. तेवढ्यात शेजारून कुणी फोडलेला कांदा आणला, कुणी चप्पल. अक्कांनी दोन्ही हातांनी त्यांना मागं सारलं. "आधीच श्वास अडलाय, वर चप्पल कसली धरता नाकाला! व्हा बाजूला, वारा येऊ दे." आम्ही त्याला कुशीवर वळवलं. मग ती खळगी आत गेली, बाहेर आली, आणि अप्पू घोरायला लागला.

"बंतु," अक्का म्हणाल्या. आला. जन्मभर मराठीत रागावणाऱ्या अक्कांचा जीव भांड्यात पडायचा तो कानडीत. दारात पाहुणा आला म्हणून सांगावं तशा त्या हे सांगायच्या आणि चहाचं आधण ठेवायला उठायच्या. थोड्या वेळानं अप्पूचे डोळे उघडायचे, आणि त्याचा पहिला शब्द ठरलेला असायचा: "बंता?" आला का? जणू श्वास दुसऱ्याच कुणाचा होता.

मध्यंतरी अप्पू मनानं फार खचला. चौकटी अर्धवट पडून राहायला लागल्या. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या तशाच ठेवल्या आणि जोडीला मन थाऱ्यावर राहावं म्हणून एक गोळी दिली. तो कामाला लागला हे आम्हा सगळ्यांना दिसलं. अक्कांना आणखी एक दिसलं. झटक्यात श्वास अडायचा तो पूर्वीपेक्षा लवकर सुटायला लागला. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काहींच्या बाबतीत तसं आढळतं, पण पक्कं कुणी सांगू शकणार नाही, आणि तेवढ्या भरवशावर फिटची गोळी कधीही चुकवायची नाही. अक्का खूश. घरी येऊन मला म्हणाल्या, "माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा डॉक्टर भेटला बघा."

पण बेळगावचे दादा, म्हणजे अक्कांचे मामेभाऊ, यांना ती गोळी खुपली. त्यांच्या मुलीचं लग्न जुळत होतं. त्यांनी अप्पूला एकट्याला गाठून सांगितलं, "फिटचं चालतं रे, ते अंगातलं दुखणं. ही वेड्याची गोळी कशाला? उद्या मुलाकडचे म्हणतील घराण्यात वेड आहे." भोळा अप्पू! पुतणीचं लग्न मोडू नये म्हणून तो ती गोळी रोज तुळशीच्या कुंडीत पुरायला लागला.

पुढचा झटका थांबेचना. दादा तेव्हा घरातच होते. नाकात मारायचा एक फवारा डॉक्टरांनी अशा वेळेसाठी देऊन ठेवला होता. अक्कांनी तो मारला, मी अँब्युलन्सला फोन केला. झटका सैल पडला, पण श्वास अगदी मंद, मध्येच थबकणारा. दादा घाबरून ओरडले, "आणखी एकदा मार की गं!" माझाही हात पुढं गेला होता. अक्कांनी फवारा पदराखाली घेतला. "नाही. हा झटक्याला दाबतो, तसा श्वासालाही दाबू शकतो. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढाच." अँब्युलन्स येईपर्यंत त्या खळगीवरची नजर न काढता बसून होत्या आणि पदराखालचा फवारा त्यांनी घट्ट आवळून धरला होता. त्यांना भ्यालेलं मी तेव्हा एकदाच बघितलं.

अप्पू वाचला. कुंडीची गोष्ट त्यानंच हॉस्पिटलात सांगून टाकली. गोळी बंद केल्यानंच असं झालं का, तर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. अक्का दादांना एवढंच म्हणाल्या, "लग्नाला आम्ही दोघं येत नाही, म्हणजे तुमची काळजी मिटली. पण गोळी थांबवायला तुम्ही कोण?" मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "माझ्यामागं कोण बघणार हो याचा श्वास?"

पुढं मी लग्न करून धारवाडला राहायला गेलो. गेल्या वर्षी अक्का हृदयविकारानं गेल्या, बसल्या जागी. तेराव्याला आम्ही जुने भाडेकरू पंगतीला होतो. भिंतीवर अक्कांची तसबीर, चौकट अर्थातच अप्पूची. तो पंगतीत वाढत होता. हातातलं पातेलं खणकन पडलं आणि पाठोपाठ तो.

तेराव्याच्या स्वयंपाकात कांदा नसतो. दादा दाराकडं धावले. तिथं चपलांचा ढीगच पडला होता. एक उचलून ते आले खरे, पण अप्पूपर्यंत पोचायला त्यांना वाट मिळाली नाही. तीनदा नापास झालेल्या त्या तिकीट तपासनिसानं त्यांना दंडाला धरून बाजूला केलं होतं. मी अप्पूचा गुडघा वाकवून त्याला कुशीवर घेतला. सध्या वरच्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाई फवारा हातात घेऊन तयार बसल्या. उष्ट्या हातांची सगळी माणसं गुडघ्यांवर वाकून एकाच खळगीकडं बघत होती. झटका आपसूक ओसरला, पण खळगी हलली नव्हती. मग ती हलली. 'बंतु' मात्र कुणी म्हटलं नाही. तो शब्द अक्कांचा होता.

बऱ्याच वेळानं अप्पूनं डोळे उघडले. आम्ही इतके जण, पण त्याची नजर आमच्यातून कुणाला तरी शोधत होती.

"अक्का," त्यानं विचारलं, "बंता?"

मला रडू फुटलं, तरी मी सांगितलं, "बंतु." माझ्या मागून आणखी चार-पाच जणांनी सांगितलं. आणि आतून नर्सबाईंचा आवाज आला, "चहाला आधण ठेवलंय हो."