बिनवर्गणीचं स्थळ

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये टाय लावलेला मुलगा शिरला, की तो शालूताईंकडेच चालला असणार हे वॉचमन न विचारता ओळखायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बँकांना एकाएकी मध्यमवर्गाचं प्रेम उफाळून आलं होतं आणि त्या प्रेमाच्या भरात त्यांनी क्रेडिट कार्ड विकणारी मुलं सेक्टरा-सेक्टरांत सोडून दिली होती. भर उन्हात गळ्याला टाय आवळून ही मुलं जिने चढत. बाकीच्या दारांवर त्यांना "नंतर या" ऐकायला मिळे. शालूताई मात्र दार सताड उघडत, पंखा पाचवर करत, तांब्या-भांडं पुढे ठेवत आणि मुलाचा घाम वाळायच्या आत विचारत, "वर्षाची वर्गणी किती?"

"मॅडम, फर्स्ट इयर एकदम फ्री."

"दिवाळसणापुरतं गोड बोलणारं सासर दिसतंय. आणि दुसऱ्या वर्षापासून?"

मुलगा चाचरत रक्कम सांगे. शालूताई मान हलवत. "दरवर्षी हुंडा मागणारं घर आम्हाला परवडायचं नाही. बरं, लाडू खा आणि मग जा. ऊन फार आहे."

शालूताई म्हणजे शालिनी रघुनाथ सामंत. मूळ कुडाळकडच्या. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत त्या वरच्या हुद्द्यावर होत्या. पन्नाशी ओलांडली होती, लग्न केलेलं नव्हतं. फ्लॅट स्वतःचा आणि दारावरच्या पाटीवर त्यांचं एकटीचं नाव. सोसायटीतल्या इतर पाट्यांवर नवरे, सासरे आणि त्यांच्या पदव्या यांची दाटी असायची. मी आणि माझी बायको नीता समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या पाटीकडे बघून त्यांनी मला विचारलं होतं, "ही वाचून घरात बाई राहते हे पोस्टमनला कसं कळणार?" पुढच्या आठवड्यात मी नीताचं नाव घालून पाटी नवी करून घेतली. या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही, एवढं मला तेवढ्यात समजलं होतं.

त्यांना कार्ड का हवं होतं तेही सांगायला हवं. वाशीच्या एका चकचकीत दुकानात त्या मिक्सर घ्यायला गेल्या होत्या. पुढच्या बाईंनी पर्समधून कार्ड काढलं. दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, कोल्ड्रिंक मागवलं, ते छोटं यंत्र करकर आवाज करत पुढे-मागे सरकवून कार्डावरच्या नावाचा ठसा कागदावर घेतला आणि "थँक यू, मॅडम" म्हणताना कमरेत वाकला. मग शालूताईंची पाळी आली. त्यांच्या हातात कापडी पिशवी. दुकानदारानं त्यांच्या खांद्यावरून दारापर्यंत नजर टाकली आणि विचारलं, "साहेब येतायत ना मागून?"

"आमच्या घरात साहेब मीच," असं सांगून त्या मिक्सर न घेताच परत आल्या आणि थेट आमच्याकडे येऊन नीताला म्हणाल्या, "मला माझं नाव उठावाच्या अक्षरांत पाहिजे. बोट फिरवलं की हाताला लागलं पाहिजे."

झालं, स्थळं बघायला सुरुवात झाली. कार्डाच्या माहितीपत्रकाला त्या 'बायोडेटा' म्हणत. वर्षाची वर्गणी असेल तर बैठक तिथंच संपायची. वर्गणी नसेल तर मग खरेदीवर मिळणाऱ्या बक्षिसाच्या पॉइंटांची चौकशी. "खर्च करणारी मी, मग बक्षीसही मलाच मिळायला नको?" हे त्यांचं तत्त्व. एका बँकेचे पॉइंट ठरावीक मुदतीनंतर बाद होत. त्यावर त्या म्हणाल्या, "दिलेला आहेर परत नेणारी माणसं नकोत." दुसऱ्या बँकेच्या पॉइंटांवर इस्त्री फुकट मिळे, पण तेवढे पॉइंट जमायला किती खरेदी लागेल याचा हिशेब मांडून त्यांनी मुलालाच विचारलं, "अरे, एवढ्या पैशांत मी अख्खा इस्त्रीवाला दत्तक घेईन की नाही?" मुलगा हसला आणि त्यांच्याकडून कैरीचं पन्हं पिऊन गेला.

मात्र एक गोष्ट त्यांच्याकडे कधी चुकली नाही. नकार द्यायचा तर तो त्या लगेच देत. विचार करायला दोन दिवस मागितले, तर दोन दिवसांत स्वतः फोन करून सांगत, "बाळ, तुझ्या कार्डाचं जमत नाही. आता माझ्याकडे खेप घालू नकोस, दुसरं दार बघ." एकदा मी हसून म्हटलं, "शालूताई, कशाला फोनचा खर्च? यायचं बंद होईल आपोआप." त्यांचा चेहरा बदलला. "माणसाला वाट बघायला लावू नये," एवढंच म्हणाल्या.

अखेर एक स्थळ पसंत पडलं. ते घेऊन आला होता नावड्याचा म्हात्रे. आगरी घरातला, हसरा मुलगा. कंपनीनं पाठ करून घेतलेलं इंग्रजी संपलं की सुटकेचा श्वास टाकून तो आपल्या भाषेत बोलायचा. वर्गणी जन्मभर नाही, पॉइंट कधी मरत नाहीत आणि बक्षिसात चाकांची सुटकेस. निवृत्तीनंतर शालूताईंना हिमालय बघायचा होता, आणि चाकांच्या सुटकेसवर त्यांचा केव्हापासून डोळा होता. त्यांनी फॉर्म भरला, ऐटीत सही केली. म्हात्रेला तर आभाळ ठेंगणं झालं.

"ताई, आता कायेक टेन्शन नाय. फकस्त आमचा मानूस येल एकदा."

"कशाला?"

"बगायला. घर, सामान... आनि तुमाला."

म्हात्रे गेल्यावर शालूताई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि समोरचा चहा त्यांनी निवू दिला. मग आपण होऊन सांगू लागल्या. पंचविशीच्या आत-बाहेर असताना कुडाळच्या घरी त्यांना बघायला माणसं येत. साडी नेसायची, पोहे न्यायचे, चालून दाखवायचं, डोळे वर करून रंग दाखवायचा. माणसं पोहे खात, विहिरीच्या पाण्याचं कौतुक करत आणि जाताना म्हणत, "कळवतो."

"कोणी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, कोणी उंची कमी म्हणून. त्याचं काही नाही. पण एक जण होता, बोलायला चांगला. मला आवडला होता. तोही कळवतो म्हणाला. आई रोज पोस्टमनच्या वेळेला ओटीवर येऊन बसायची. तिनं मला काही विचारू नये म्हणून मी मागच्या दारी भांडी घासत राहायची. घासलेलीच भांडी." त्या हसल्या. "त्याचं कळवायचं अजून राहिलंय. तेव्हा आईला सांगितलं, आता मी कोणापुढे बसणार नाही. आणि बसले नाही. आता या वयात, एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी बसू?"

नीता म्हणाली, "नकोच ते कार्ड, ताई." शालूताईंनी निवलेला चहा एका घोटात संपवला. "पण नाव उठावाचं आहे गं," त्या म्हणाल्या. बाईंचं मन त्या अक्षरांवर किती बसलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

बसायचं ठरलं. आता आमच्या बिल्डिंगला बँकेची चौकशी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण बघायला येणं म्हणजे काय हे प्रत्येक घराला तोंडपाठ होतं. त्यामुळे रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून शालूताईंचं घर मुलीच्या घरासारखं सजवलं. तळमजल्यावरच्या मुकादमभाभींनी दोन माणसं लावून आपला टीव्ही वर पाठवला. "आमचा ठेवा, मोठा हाय. बगनाऱ्याचे डोले दिपले पायजेत," म्हणाल्या आणि त्यावर स्वतःच्या हातानं विणलेलं कापडही घातलं. आमच्या लग्नात आलेला गालिचा गेला, कोणाच्या काचेच्या बश्या आल्या. नीतानं पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर. शालूताई आपल्याच घरात पाहुण्यासारख्या कडेला बसून होत्या.

बँकेचा माणूस आला तो बगलेत हेल्मेट धरून. वयानं माझ्याहूनही लहान. त्यानं भिंती बघितल्या, पंखा बघितला, बाथरूममध्ये डोकावला. पोहे मात्र दोनदा घेतले.

"मिस्टर काय करतात?"

"नाहीत."

"सॉरी. कधी वारले?"

"वारायला आधी असावे लागतात."

त्यानं काहीतरी लिहिलं. "मग मॅडम, तुमची जबाबदारी कोणाची?"

"माझी. माझ्या आईचीही मीच घेतली होती."

"ओके. टीव्ही छान आहे. तुमचाच?"

आम्ही सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हणायला तोंड उघडलं, पण शालूताई उभ्या राहिल्या. "टीव्ही मुकादमभाभींचा. गालिचा या समोरच्यांचा. पोहे हिनं केले. माझं म्हणाल तर हा फ्लॅट, आणि ही मी. बघून घ्या." मुकादमभाभींनी कपाळावर हात मारला. त्या माणसानं फाइल मिटली, हेल्मेट उचललं आणि दारात वळून म्हणाला,

"ठीक आहे. कळवतो."

दार लागलं. शालूताईंनी पोह्यांच्या बश्या उचलल्या आणि विसळायला नेल्या. मोरीत बराच वेळ नळ वाहत होता.

त्यानंतर जे झालं ते बघताना मला त्या हेल्मेटवाल्याचा मनापासून राग येत असे. आठवडे गेले, बँकेचं अक्षर नाही. शालूताई कचेरीतून परतताना खालच्या टपालपेटीशी थांबू लागल्या. कोणी दिसलं की, "विजेचं बिल आलं का बघत होते," म्हणत. विजेचं बिल कधीचं येऊन, भरूनही झालं होतं. म्हात्रे बिचारा येऊन धीर देऊन जाई, "होईल ताई, पास होईल." एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर त्या स्टीलचे डबे घासत होत्या. लख्ख होते ते आधीच. मी न बसताच परत आलो.

दरम्यान आमच्या बिल्डिंगनं आपला स्वभाव दाखवला. 'शालूताईंनी पारखलेलं कार्ड' म्हणून घरोघरी तोच फॉर्म भरला गेला आणि बायकामुलंवाल्या पुरुषांना ती कार्डं बघता बघता मिळालीही. त्यांना बघायला कोणी आलं नाही. सुटकेसच्या पॉइंटांसाठी लोकांनी सँडविच टोस्टर, फूड प्रोसेसर, पोटाचा घेर कमी करणारे पट्टे असं काय काय घेतलं. पुढे त्या सुटकेसी आल्या तेव्हा फार उपयोगी पडल्या. ह्या सगळ्या वस्तू भरून माळ्यावर टाकायला त्याच लागल्या.

आणि एका शनिवारी दुपारी कुरियरवाला शालूताईंच्या दारात उभा राहिला. कार्ड आलं होतं! नीतानं मला पेढे आणायला पिटाळलं. मी परतलो तर मुकादमभाभी वर आल्या होत्या, म्हात्रेही योगायोगानं हजर होता, आणि शालूताई डोळे मिटून कार्डावरून बोट फिरवत होत्या. एकेक अक्षर हाताला लागत होतं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. पंचवीस वर्षांची मुलगी कशी दिसली असेल, ते त्या क्षणी दिसलं.

पेढा तोंडात आणि फोन वाजला. बँकेतली मुलगी होती. आवाज असा मोठा, की शेजारी बसलेल्या आम्हालाही ऐकू येत होता. अभिनंदन मॅडम, वेलकम मॅडम. शालूताईंनी प्रेमानं विचारलं, "एवढे दिवस का लागले गं? आमच्या शेजाऱ्यांना तर आठवड्यात आलं."

"ॲक्च्युली मॅडम, तुमच्या केसमध्ये साहेबांना थोडा विचार करावा लागला. तुम्ही एकट्या आहात ना. पण डोन्ट वरी, त्यांनी शेवटी हो म्हटलंय."

शालूताईंनी पेढा गिळला. फोनच्या तोंडावर हात ठेवून म्हात्रेला विचारलं, "तुझं कमिशन जमा झालं ना रे?"

"हो ताई. कार्ड हातात आला म्हंजे माजा काम झाला."

त्यांनी हात काढला, पदर सारखा केला आणि लहान मुलीला समजावून सांगावं तशा शांत, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना निरोप दे. म्हणावं, मुलीकडून नकार आहे. पत्रिका जुळत नाही."

पलीकडून बराच वेळ "हॅलो, हॅलो, मॅडम?" येत राहिलं. शालूताईंनी रिसीव्हर अलगद ठेवून दिला. मुकादमभाभींना आधी हसू फुटलं, मग नीताला, आणि मग आम्ही सगळेच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या डोळ्यांतलं पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

कार्डाचं त्यांनी काय केलं? कात्रीनं कापलं आणि नावाची पट्टी तेवढी ठेवून घेतली. निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी वाशीहून चाकांची सुटकेस रोख पैसे मोजून आणली आणि भोक पाडून ती पट्टी तिच्या मुठीला दोऱ्यानं बांधली. तीच घेऊन त्या हिमालय बघून आल्या. पुढे फ्लॅट विकून कायमच्या कुडाळला निघाल्या तेव्हाही तीच सुटकेस आमच्या पॅसेजमधून खडखडत गेली.

शालूताई रिक्षात बसताना नीता रडत होती. आपण सगळेच म्हणतो तेच मी म्हणालो, "पोचल्यावर कळवा."

"कळवते," शालूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा चहा अजून व्हायचा होता, आणि फोन वाजला.