मामांचं नाक आणि जावयाचं फडकं

माझ्या बायकोच्या मामांइतकं कामाचं नाक अख्ख्या मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. गेल्या महिन्यात सोलापूरला माझ्या मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. मेकॅनिकनं जुना काढून दाखवला. अंगठ्याएवढा, काजळीनं काळा पडलेला. म्हणाला, "काका, हा सायलेन्सरच्या नळीत बसतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते ओळखतो आणि त्यावरून गाडी पेट्रोल कमी-जास्त करते. हा गेला की गाडी नुसती पेट्रोल ढोसते." मी म्हटलं, "हे काम आमचे मामा नाकानं करायचे." त्याला वाटलं, म्हातारा भरकटला.

परंड्याच्या स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये मामांचं गॅरेज होतं. गाडी आली की बॉनेटकडं न बघता ते मागं जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसत, डोळे मिटून धूर हुंगत आणि "हिला हवा कमी पडती" किंवा "ही उपाशी हाय" असा निकाल देत. नाकाचा शेंडा बारा महिने काळा. हे नाक बिघडू नये म्हणून तंबाखू वर्ज्य, अत्तर वर्ज्य. लग्नात अत्तरदाणीवाला दिसला की मामा मांडवाबाहेर. चहासुद्धा आधी हुंगायचे, मग मामी म्हणायच्या, "त्यापरीस धूरच प्या की." माझ्या वरातीत तर मी मुंडावळ्या सांभाळत मोटारीत बसलेलो, वाजंत्री ताटकळलेली, आणि हे मोटारीच्या मागं वाकलेले. "नवरदेव, धा मिनिटं बसा. हिला पेट्रोल जास्त हुतंय." अर्धा तास गेला. नवरी गालात हसत होती, तेवढं आठवतं.

एवढ्या परखड नाकाच्या माणसाच्या जिभेला मात्र एकच पथ्य होतं. जावयाला चुकलं म्हणायचं नाही. जावई मानाचा. या पथ्याचा मी मनसोक्त गैरफायदा घेतला.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीच्या जुन्या पेट्रोल जीपला पाण्याच्या टाकीचा ट्रेलर जोडला होता, आणि ड्रायव्हर रोजगार हमीवर मुकादम झाल्यामुळं जीप मीच हाकायचो. पेट्रोल रोज मोजून मिळायचं, बरोबर तीन खेपांपुरतं. दोन गावात, तिसरी सोनारीच्या वाटेवरच्या शेवटच्या वस्तीला. रस्त्यावर घोटाभर फुफाटा. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून मी बायकोच्या जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं एअर फिल्टरच्या तोंडाला करकचून बांधलं. एवढी अक्कल ड्रायव्हरला कधी सुचली नव्हती, असं घरी दोनदा ऐकवलंही.

दुसऱ्या दिवसापासून जीप काळा धूर ओकायला लागली आणि दोन खेपांतच पेट्रोल संपवायला लागली. मी कार्बुरेटरला दोष दिला आणि नव्यासाठी अर्ज लिहिला. मामांकडं जायचं सोडून अर्ज, कारण सासरच्या माणसापुढं अडचण सांगायला माझी मान वाकत नव्हती. पाचव्या दिवशी वस्तीवरची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन ऑफिसात आली. "जयभीम साहेब. आमची खेप आज तरी हाय का? पोरी दोन कोस चालत्यात पाण्याला." मी तिला कार्बुरेटर समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं, घागर उचलली आणि गेली. मला माझीच लाज वाटली. दुसरी खेप तशीच ठेवून जीप तडक परंड्याला घेतली.

मामांनी धूर हुंगला तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बॉनेट उघडलं. फडकं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. लुगडं त्यांनीच भाचीला घेतलेलं होतं. मामा जीपकडं वळले आणि तिलाच म्हणाले, "बाई, कुणीतरी लई मायेनं नाक बांधलंय तुजं. पण श्वास तर घ्यायला पायजे का न्हाय?"

मी अजून हट्टानं म्हणालो, "कार्बुरेटर बदलावा लागेल ना?"

"तुमी म्हणताय तर बदलू की, जावईबापू. तवर हे फडकं जरा हातात धरा."

त्यांनी प्लग पुसले, जीप चालू केली. धूर विरळ झाला. मामा मागं बसून हुंगत राहिले आणि समाधानानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल बरोबर तीन खेपांना पुरलं. तिसऱ्या खेपेला मामा माझ्या शेजारी बसून आले. वस्तीवर घागरी भरायला लागल्या तेव्हा म्हातारीनं त्यांना विचारलं, "गाडी तुमी नीट केली व्हय?"

"न्हाय. आमच्या जावयानं हुडकलं. म्या आपला संगं आलोय."

म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी मोडू दिली. मामा टाकीच्या नळीला हात लावून पाणी बघत उभे होते.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हातारीही गेली. पण त्या वस्तीवर गेलो की अजून माझ्यासाठी खाट टाकतात, दुष्काळात गाडी नीट करणारे साहेब म्हणून सुनांना ओळख करून देतात. दर वेळी ठरवून जातो की आज मामांचं नाव सांगायचं. चहा येतो, विचारपूस होते, आणि मी न सांगताच उठतो.