आखाड्याचं ताक

विद्यापीठाच्या इनडोअर हॉलमध्ये आता चकचकीत लाकडी जमीन आहे. तिथे बॅडमिंटन खेळतात. आधी तिथे माती होती हे आताच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

सुरुवातीला तो नुसता पत्र्याचा मांडव होता आणि एका कोपऱ्यात कुस्तीचा हौदा. आमच्या असोदा गावाकडची काळी माती कुस्तीला चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की दगड. म्हणून साक्रीकडून ट्रकने तांबडी माती आणली. तिला तेल, हळद, लिंबू आणि ताक पाजावं लागतं, तरच ती मऊ राहते. गावच्या तालमीत मुलींना उभं करत नसत, इथल्या वस्तादांनी माझ्या मुलीला घेतलं. ती म्हणाली, "आई, ताक आपण देऊ." घरी म्हैस होतीच. मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे मी कॅन धरून बसायचे.

तिच्यासोबतच्या पोरी म्हणायच्या, "अक्का, आम्हाला ग्लासभर अन् मातीला कॅनभर?"

"माती तुमच्यासारखी कटकट करत नाही," मी म्हणायचे.

पुढे पत्रे जाऊन पक्क्या भिंती झाल्या, मोठे दिवे आले. त्याच पावसाळ्यात मुलगी डेंग्यूने गेली. दवाखान्यात वेळेवर नेलं होतं, तरी गेली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा रवी हातात घेतली. नवरा म्हणाला, "आता कोनासाठी करू राह्यली ताक? पोर तं गेली."

"मातीसाठी."

त्याने गाडी काढली.

वस्ताद हौद्यात ताक शिंपायचे, पोरी फावड्याने माती खालीवर करायच्या. मी कडेला बसून बघायचे. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच उरलं होतं. बाकी तिचे कपडे वाटून झाले होते.

एकदा कॅन घेऊन गेले तर हौदाच नव्हता. खाली सिमेंट, वर सुतार फळ्या ठोकत होते. कुस्ती आता दुसऱ्या खोलीत, गादीवर. गादीला ताक लागत नाही.

वस्ताद माझ्याकडे बघेनात. "अक्का, तुम्हाला कळवायला जीभ रेटली नाही."

"माती कुठे टाकली?"

"मागे. पार्किंगच्या खड्ड्यात."

मी मागे गेले. वरून पांढरट मुरूम टाकून रोलर फिरवला होता. तांबडा रंग कुठेच दिसेना. अंदाजाने एका जागी कॅन उपडा केला. ताक मुरलं नाही, वरच्यावर वाहत गाड्यांच्या चाकांखाली गेलं.

एक मुलगी स्कूटरला चावी लावत म्हणाली, "आजी, जरा सरका ना, गाडी काढायची आहे."

मी सरकले.