माह्या डब्याचा वहम

"तुमचा राहू द्या ताई, परात भरली."

एवढं म्हणून मॅडम माह्या पुढून निघून गेल्या. डबा हातात उघडा, झाकण मांडीवर. माह्या आधीच्या बाईनं आपला चिवडा ओतला होता. माह्या नंतरच्या बाईनं शेव ओतली. तिच्या नंतरचीनं शंकरपाळे. त्याच भरलेल्या परातीत.

मी झाकण लावलं अन् हसली. असं हसणं आमच्या लोकाइले शिकवा लागत नाही. लहानपणीच येते.

जळगाव जामोदची गोष्ट हाये. मॅडमच्या बंगल्यात दर रविवारी दुपारी बैठक भरे. दसऱ्याच्या आधी सुरू झाली, दिवाळी होऊन जाईपर्यंत चालणार होती. सणासुदीत ज्या बायाइचं मन घाबरं होते, झोप उडते, उगाच रडू येते, त्याइनं यावं, बसावं, मन मोकळं करावं. पैसे नाही, काही नाही. मॅडम रिटायर झालेल्या. घरची मोठी ओलिताची शेती. बोलणं इतकं गोड, की मले पहिल्याच दिवशी शंका आली. कोणी फुकटात गोड बोलाले लागलं की माहे कान आपोआप टवकारतात.

तरी गेली. काऊन गेली ते आधी सांगते, नाही तं लोक म्हणतीन भांडाले गेली होती.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते. गाईम्हशीले सुई देणं, अडलेलं वासरू सोडवणं, हे माहं काम. म्हैस लाथा झाडते, मालक आरडाओरडा करते, अन् माहा हात खांद्यापर्यंत आत. तेव्हा मले कधी भेव वाटलं नाही. पण दिवाळी जवळ आली की छातीत धडधड सुरू. तळहात गार. श्वास पुरत नाही. वाटते, आता जीव जाते. आम्ही बौद्ध. घरी लक्ष्मीपूजन नाही, पण माय चिवडा करतेच. लेकराइनं दुसऱ्याच्या दाराकडं पाहू नये म्हणून तिनं ते सुरू केलं होतं, अजून करते. नोकरीच्या गावात मी एकटी, भाड्याच्या खोलीत. गल्लीतली बाई म्हणते, या हं फराळाले. झालं, माही झोप गेली. हे खरं बोलावणं हाये का तोंडदेखलं? गेली तं कुठं बसवतीन? नाही गेली तं काय म्हणतीन? साडी नेसून दारात उभी राह्यते अन् पाय उचलत नाही. खामगावच्या डॉक्टरनं गोळ्या देल्या. म्हणले, सणाच्या दिवसात एकट्या राहू नका, माणसात राहा.

माणसात राहा. सोपं हाये का बाप्पा!

बैठकीत मले वंदनानं नेलं. वंदना माह्याच दवाखान्यात, माह्याच पदावर. पिंपळगाव राजाच्या पाटलाची पोरगी, देलीबी पाटलाच्याच घरी. तिचंबी तसंच होते. सासरची दिवाळी आठवली की तिच्या पोटात गोळा येते. आम्ही दोघी एका गाडीवर फिरतो, एका ताटात जेवतो. ती म्हटली, "चाल वं, तिथं आपल्यासारख्याच बाया येतात." मी गेली.

पहिल्या दिवशी सगळ्याइनं नाव सांगितलं. मी सांगितलं. मॅडमनं विचारलं, गाव? मी म्हटलं, हिवरा आश्रमाच्या जवळ, मेहकर तालुका. "अरे वा. आणि गावात घर कोणत्या बाजूला?"

दुसऱ्या कोणाले त्याइनं बाजू विचारली नाही. मी म्हटलं, विहाराजवळ. "छान, छान," मॅडम म्हणल्या. अन् वहीत काहीतरी टिपल्यासारखी मान हलवली. वही नव्हती हातात.

त्या बैठकीची एक पद्धत होती, अन् खरं सांगते, ती मले लय आवडली होती. प्रत्येकीनं घरून काही करून आणायचं. शेवटी मॅडम मोठी परात घेऊन फिरणार, सगळ्याइनं त्यात ओतायचं, कालवायचं, अन् मंग सगळ्याइनं खायचं. म्हणजे कोणाची शेव कडक, कोणाचा चिवडा तेलकट, हे कोणाले कळत नाही. आपल्याले कोणी नावं ठेवन, हे भेवच राहत नाही. मॅडम म्हणायच्या, "परातीत पडलं की ते सगळ्यांचं." किती चांगली गोष्ट. मी मायले फोन करून सांगितलं. मायनं खास चिवडा करून एस.टी.नं पाठवला. खोबऱ्याचे काप घालून.

तो चिवडा परातीत पडला नाही. त्याच दिवशी मॅडम म्हणल्या, परात भरली. पुढच्या रविवारी मॅडमनं विचारलं, "तेल कोणतं आहे हो? इथं काहींना पित्ताचा त्रास आहे." अन् डबा राह्यला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणल्या, "तुम्ही एकट्या राहता ना, घरी न्या, तुम्हाला होईल." आवाजात माया. कारण प्रत्येक वेळी नवीन, अन् प्रत्येक वेळी बरोबर. तेलाचं कारण देलं तेव्हा मी स्वतःशीच म्हटलं, असन बाई, पित्त असते लोकाइले.

पण माह्या आतली दुसरी एक बाई हाये. ती म्हणे, पाह्य. नीट पाह्य.

मंग मी चूक केली, का बरोबर केलं, मले आजबी माहीत नाही. मन मोकळं कराले सांगितलं होतं ना? मी केलं. गोलात बसून सांगितलं, "मले वाटते, माहा डबा मुद्दाम बाजूले ठेवतात."

मॅडम उठल्या, माह्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला. मले नाही, सगळ्याइले म्हणल्या:

"बघा हं, हे फार महत्त्वाचं आहे. आपलं घाबरलेलं मन असंच करतं. पुरावा काही नसतो, पण लोक आपल्याला टाळतात असं वाटायला लागतं. ताईंनी आज धाडसानं सांगितलं. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या.

"आता ताई, मोठ्यानं म्हणा, हा माझ्या मनाचा खेळ आहे."

मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "हा माह्या मनाचा खेळ हाये." एका बाईनं डोळे पुसले. मॅडमनं मले जवळ घेतलं. अन् मी, मी त्याइले धन्यवाद म्हटलं. वरून माफी मागितली की तुमच्यावर शंका घेतली. माय वं! आठवलं की आजबी अंगाची आग होते.

परात फिरली. त्या दिवशीबी माहा डबा राह्यला.

तो आठवडा कसा गेला ते माह्या जिवाले माहीत. परात डोळ्यानं दिसते अन् ते जर खोटं असन, तं मंग बाकीचं काय खरं? दवाखान्यात औषध भरताना मी बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचून राह्यली होती. एका गाईच्या पोटाले हात लावून मालकाले म्हटलं, गाभण हाये. तो गेला अन् मले वाटलं, हाये का खरंच? का मलेच वाटलं? त्याच्या मागं धावत गेली, पुन्हा तपासली. तो माणूस हसला. ज्या हातावर माहं पोट चालते, त्या हातावरचा माहा भरवसा चालला होता. धडधड परवडली. हे नाही परवडत.

वंदनाले सांगितलं तं ती चिडली. "तुले ना, सगळीकडं तेच दिसते. अवो, त्या मॅडम किती चांगल्या हायेत. तू पाह्यलंच काऊन तसं?"

"मंग तूच पाह्य," मी म्हटलं.

"चाल, डबे बदलू. तुहा मी नेते, माहा तू धर. तुह्या डोक्यातला किडा एकदाचा मरू दे."

तिनं ते माहं तोंड बंद कराले म्हटलं होतं. मी हो म्हटलं. मलेबी तो किडा मराले पाह्यजे होता. देवाशप्पथ म्हणत नाही मी, पण मनापासून सांगते, मले खोटं ठरायचं होतं. मी खोटी ठरली असती तं त्या दिवशी पेढे वाटले असते.

दिवाळीच्या आधीचा रविवार. बंगल्याच्या दारात आकाशकंदील लागला होता. मायचा चिवडा वंदनाच्या हातात, वंदनाच्या सासूच्या हातचे शंकरपाळे माह्या हातात. परात आली. वंदनाच्या पुढं मॅडम थांबल्या, ओतायच्या आधी चिमूटभर तोंडात टाकला. "व्वा! पाटलांच्या घरचा हात वेगळाच. खोबरं बघा किती बारीक कापलंय." चिवडा ओतला गेला. मायचा चिवडा. मंग माह्या पुढं आल्या.

"ताई, तुमचा राहू द्या आज. खूप झालंय."

मी वंदनाकडं पाह्यलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

मी काही बोलणार नव्हती. खरं का वहम, एवढं कळलं की बस, असं ठरवूनच आली होती. पण सगळ्या बाया खात होत्या अन् मॅडमनं मलेच गाठलं. "ताई, आज बरं वाटतंय ना? ती शंका गेली ना मनातून? सांगा सगळ्यांना, त्यांना धीर येईल."

म्हणजे अजून एकदा म्हणा. अजून एकदा टाळ्या.

"मॅडम," मी म्हटलं, "आधी वंदनाले विचारा."

वंदना प्लेटीत पाहून राह्यली. मले वाटलं, झालं, ही गप बसते. ही त्याइच्यातली हाये. एका ताटात जेवणं वेगळं अन् इथं तोंड उघडणं वेगळं. ती गप बसली असती तं मी जन्मभराची वेडी ठरली असती, अन् तेबी माह्याच कबुलीनं.

मंग ती बोलली. मान खालीच. "मॅडम, मी ओतला तो हिच्या मायच्या हातचा चिवडा होता. माहा डबा तिच्याजवळ हाये. तो तुम्ही घेतला नाही."

चावणारी तोंडं थांबली. सगळी नाही, पण थांबली. एका म्हातारीनं प्लेट हळूच खुर्चीखाली सरकवली. एक बाई उठून बेसिनवर गेली. नळ सुरू झाला अन् तिनं चूळ भरली. खळखळ, खळखळ. आम्ही सगळ्या ते ऐकून राह्यलो होतो. कोपऱ्यातल्या एका तरुण सुनेनं माह्याकडं पाहत पाहत अजून एक घास खाल्ला. खरंच खाल्ला का मले दाखवाले खाल्ला, तिलेच माहीत. मी तिच्यावरबी विश्वास ठेवला नाही.

"हा विश्वासघात आहे," मॅडम म्हणल्या. आवाजातली माया पाऽर गेली होती. "इथं आजारी बायका येतात. त्यांची तुम्ही परीक्षा घेता?" मंग थोडं थांबून, "आणि बाई, तुम्ही दिवसभर गुराढोरांत हात घालता. स्वच्छतेचा काही प्रश्न असतो की नाही?"

"वंदनाबी तेच काम करते मॅडम. परवा एकाच म्हशीले आम्ही दोघींनी सोडवलं. तिचा हात चालला."

"हे बघा, तुमचा आजार बोलतोय. बसा. श्वास घ्या."

माही छाती फुटून जाईन अशी धडधडत होती. इतकी वर्षं मले वाटे, धडधड थांबली की मंग बोलीन. त्या दिवशी ती थांबली नाही अन् मी बोलली. भेत भेत बोलता येते, हे मले तिथं समजलं.

"आजार मले हायेच मॅडम," मी म्हटलं. "गोळ्याबी खाते. पण हे जे मी पाह्यलं ते आजारानं नाही पाह्यलं. तुम्ही मले सगळ्याइसमोर वेडी करून टाकलं होतं. अन् टाळ्याबी वाजवल्या."

चपला घातल्या अन् निघाली. मागून कोणी आलं नाही. वंदनाबी नाही.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून बाहेर होती. मंग मॅडमनं तिथं लिहिलेलं वंदनानं मले दाखवलं: आपल्या एका भगिनीची तब्येत बिघडली आहे, तिच्यासाठी सगळ्यांनी मनोमन प्रार्थना करूया. खाली हात जोडलेल्यांची रांग. बेसिनवरच्या बाईचेबी हात त्यात होते.

दिवाळीच्या तोंडावर वंदना दवाखान्यात माह्या टेबलाजवळ आली. इकडचं तिकडचं बोलली. मंग म्हणली, "मॅडम म्हणून राह्यल्या, तिले ये म्हणा. डबाबी घेऊ म्हणे. फक्त त्या दिवसाचं काढू नको म्हणे."

"तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, विचारते. अवो जाऊ दे ना. सणाचे दिवस हायेत. एकटी राह्यली की तुले किती तरास होते, मले माहीत नाही का?"

तिले माहीत हाये. मॅडमलेबी माहीत हाये. म्हणून तं निरोप धाडला. मी घाबरट हाये, एकटी हाये, दिवाळी हाये, तवा येईनच, असा त्याइचा हिशेब. वंदनाचं मले कळत नाही अजून. ती बोलली तेबी खरं, अन् आज निरोप घेऊन आली तेबी खरं. मी तिच्या गाडीवर बसते, पण पहिल्यासारखी टेकून नाही बसत.

"ऐक," मी तिले म्हटलं, "अन् जसंच्या तसं सांग. मी सगळ्याइसमोर मोठ्यानं म्हटलं होतं, की हा माह्या मनाचा खेळ हाये. आता मॅडमनं त्याच बायाइसमोर, तेवढ्याच मोठ्यानं म्हणावं, की तो खेळ नव्हता. हिचा डबा मी मुद्दाम बाजूले ठेवत होती. अन् काऊन ठेवत होती, तेबी सांगावं. ज्या दिवशी म्हणतीन त्या दिवशी मी येईन. डबा आणणार नाही. नुसती ऐकाले येईन."

"त्या कधीच म्हणणार नाहीत वं."

"मंग मी कधीच येणार नाही."

आता गल्लीत दिवे लागून राह्यले हायेत, अन् माहे तळहात गार पडले हायेत. गोळी घेईन. खोलीत एकटी बसीन. रडूबी येईन, ते मी लपवत नाही. पण मले वहम होता, हे आता माह्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकत नाही. आधाराच्या नावावर तं नाहीच नाही.