घरचं बियाणं

घनसावंगीच्या आठवडी बाजारात एक मावशी घरचं भाजीचं बियाणं विकायची. तळहातावर बी घेऊन हलकी फुंकर मारायची आणि जे जड असेल तेवढंच द्यायची. पुढे कंपन्यांची रंगीत पाकिटं आली, तसं तिचं बाजारात बसणं बंद झालं.

एका सकाळी शाळेत शिकवायला जाताना ती मला वाटेवर दिसली. कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतात ती मजुरीनं कपाशीची फुलं फळवत होती, एका फुलाचे पराग हातानं दुसऱ्या फुलाला लावत होती.

"मावशी, बाजार सोडला?"

"लोकायला पाकीटच पाह्यजे, सर. हितं रोज काम मिळून राह्यलं. पन ह्या कपाशीचं बी धरून ठिवता येत न्हाई म्हणतेत. दर साली नवं घ्या!"

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत येऊन ओंजळभर गवारीचं बी दिलं. पैसे घेतले नाहीत.

"समद्या शेंगा खाऊ नका. दोन झाडं बियाला सोडा."

पुढच्या पावसाळ्यात मी ती गवार लावली आणि दोन झाडांच्या शेंगा तोडल्या नाहीत.