पदरानं पुसलेले सात दगड

“फडकं कशाला? पदर हाय ना तिला. पदरानंच पूस म्हनावं.”

हे माझ्या आईबद्दल बोललं गेलं. बोलणारा माणूस आमच्या शहरातल्या तलावाकाठच्या उद्यानाच्या देखभाल समितीचा अध्यक्ष. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते. गळ्यात कॅमेरा होता आणि वर्तमानपत्राचं ओळखपत्र. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ.

आधी जागेबद्दल सांगते. तलाव बाजारपेठेला लागून आहे. आता त्याच्याभोवती फरशीचा रस्ता, कारंजं, लोखंडी कुंपण आणि दारावर वॉचमन. मी लहान असताना कुंपण नव्हतं. आम्ही धनगर, गाव नेकनूरच्या बाजूचं. लोकर कातरण्याआधी मेंढरं धुवावी लागतात. मळक्या लोकरीत कात्री चालत नाही. गावच्या ओढ्याला पाणी नसलं की कळप इथं यायचा. काठावर जांभळीखाली सात ओबडधोबड दगड होते. त्या आसरा, पाण्यातल्या देवी. मेंढरं धुऊन झाली की आई त्यांना हळदकुंकू लावायची आणि पळसाच्या पानावर दहीभात ठेवायची. पाच वर्षांची असताना मी याच पाण्यात पडले. बापानं केसाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून कळप येवो न येवो, आई दरवर्षी येते. माझ्यासाठी येते.

गेल्या वर्षी आई येऊन गेल्यावर उद्यानाचं काम सुरू झालं, त्यात ते दगड काढले गेले. ‘काठावरील अनावश्यक दगडगोटे हटवून परिसर मोकळा करण्यात आला.’ हे वाक्य माझ्या बातमीतलं. समितीच्या पत्रकातून मी ते जसंच्या तसं उतरवलं. आईला वाचता येत नाही. मी तिला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आमच्या कार्यालयात माझी जात कोणाला माहीत नव्हती. आडनावावरून कळत नाही. सहा वर्षं मी त्या न कळण्यात सुखानं राहिले. कामावर असताना लोकांत मला हाक मारू नको, असं आईला मीच एकदा बजावलं होतं. तिनं ते पाळलं.

त्या दिवशी समितीनं पत्रकारांना बोलावलं होतं. उद्यानात ग्रामीण देखावा बसवला होता: खांद्यावर घोंगडी घेतलेला फायबरचा धनगर आणि चार फायबरची मेंढरं. मी फोटो घेत होते. तेवढ्यात आई दिसली. हातात पिशवी, पिशवीत डबा. ती मेंढरांपाशी थांबली आणि वॉचमनला म्हणाली, “हिची लोकर लई वाढलीय. कातरा म्हनावं.” वॉचमन हसला. तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. जांभळीकडं गेली.

जांभळीखाली काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला मात्र शोभेचे गोल दगड ओळीनं बसवले होते, पांढऱ्या रंगाचे. आई बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिली. तिला काय वाटलं ते तिनं नंतर सांगितलं: सरकारनं आसरांना चुना दिला, नीट ओळीत बसवलं, बरं केलं. तिनं झाडापासून सात मोजले. पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं, पुढं दहीभात ठेवला आणि डोकं टेकलं.

अध्यक्ष आठ-दहा जणांसह तिथं पोचला.

“काय करायलीस गं? देऊळ हाय का हे तुझं?”

आई उठून उभी राहिली. म्हणाली, आसरांचं हाय, दर सालचं हाय. त्यावर एकजण म्हणाला, हिला बी फायबरच्या मेंढरात उभी करा साहेब, शोभून दिसंल. सगळे हसले. वॉचमननं बादली आणली. फडकं आणायला तो वळला तेव्हा अध्यक्ष ते पदराचं बोलला.

मग तो माझ्याकडं वळला. आवाज बदलला. “मॅडम, याचा फोटो घ्या. पेपरात आला की लोकांना शिस्त लागंल.”

मी फोटो घेतला. एक नाही, तीन.

वॉचमननं आईला विचारलं, “संगं कोन हाय? कुनाची हाईस तू?”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

“कुनाची न्हाई. एकलीच आलेय.”

ती खाली बसली. पदराचं टोक बादलीत बुडवलं आणि एकेक दगड पुसला. सात. मी मोजले. हळद पूर्ण निघाली नाही, रंगावर पिवळे डाग राहिले. तिनं पानावरचा दहीभात परत डब्यात भरला. भिजलेला पदर पिळला आणि दाराकडं गेली. अध्यक्षाला कोणी तरी चहाचं विचारलं. त्यांच्याबरोबर मीही चहा घेतला. तेही लिहिते.

अर्ध्या तासानं बसस्थानकावर गेले. आई नेकनूरच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसली होती. पदर अजून ओला होता. मी शेजारी बसले. माफी मागायची होती, जमलं नाही. तीच म्हणाली, “तुजी नौकरी हाय. म्या कावून वळख सांगू?” मग विचारलं, त्या दगडांत काय चुकलं?

मी सांगितलं. त्या आसरा नव्हत्या. आसरा काढून टाकल्या, काम चालू होतं तेव्हाच. बातमी मीच दिली होती.

आई माझ्याकडं वळली.

“मंग तुला म्हाईत व्हतं.”

एवढंच. गाडी लागली. दरवर्षी ती दहीभाताचा पहिला घास माझ्या हातावर ठेवते. त्या दिवशी डबा तिच्या मांडीवरच राहिला आणि तिच्याबरोबर गाडीत चढला.

अध्यक्षानं माझ्या आईला पदरानं दगड पुसायला लावले. पण ती पुसायला बसली ती माझ्यामुळं. दगड गेले हे मी लपवलं, ती कोण हेही मी लपवलं. त्याचा अपमान माझ्या मदतीशिवाय पुरा झाला नसता.

दुपारी कार्यालयात वृत्तसंपादकांनी फोटो मागितला. अध्यक्षाचा फोन येऊन गेला होता, फोटोखालची ओळ त्यांच्याकडं तयार होती: ‘उद्यानाचे विद्रूपीकरण’. मी वेगळी ओळ लिहून दिली. ‘छायाचित्रातील बाई माझी आई आहे. आम्ही धनगर आहोत. समितीच्या अध्यक्षांनी तिला पदराने दगड पुसायला लावले. मी तिथे होते आणि गप्प राहिले.’ त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, घरचं बातमीत आणायचं नसतं. मी म्हणाले, मग या ओळीशिवाय फोटो मिळणार नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि बरंच समजावलं. दुसऱ्या दिवशी फायबरच्या मेंढरांचा फोटो छापून आला. तो दुसऱ्या कोणाचा होता. मला तलावाच्या बातम्यांवरून काढलं आहे.

दगड मी शोधले. उद्यानाच्या मागं राडारोड्याचा ढीग आहे, तिथं पाच सापडले. त्यांच्या खाचांत जुनं कुंकू आहे. दोन अजून सापडायचे आहेत. आईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, कोन्ते दोन? मला सांगता आलं नाही. येऊन बघते, म्हणाली.

येत्या शुक्रवारी ती येईल. आम्ही पुढच्या दारानं आत जाणार आहोत. पाच दगड जांभळीखाली ठेवणार आहोत. ओळखपत्र मी घरी ठेवणार आहे, वॉचमननं विचारलं तर मीच ओळख सांगेन. अध्यक्ष आला तर त्यालाही सांगेन.

ते तीन फोटो मी पुसलेले नाहीत. पुसायचं काम आमच्या घरानं एकदा केलं. आता करणार नाही.